दोष गेल्यावर

दसरा उलटून दिवाळीचे वेध लागले, की आमच्या घरी दोन गोष्टींची साफसफाई निघते. एक माळ्याची आणि दुसरी मोटारीची. माळ्याची सौभाग्यवतींच्या देखरेखीखाली होते आणि तिच्यात शिडी धरण्यापलीकडे मला काम नसते. मोटारीची मात्र सर्वस्वी माझी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी कोल्हापूरहून सांगलीला आईकडे फराळाचे डबे घेऊन जातो, आणि वाटेत गाडीने दगा देऊ नये, एवढीच त्या साफसफाईमागची माझी माफक अपेक्षा असते. गेल्या वर्षी मात्र या दुसऱ्या साफसफाईतून असा एक प्रश्न माझ्यापुढे येऊन उभा राहिला, की जो मी कित्येक वर्षे टाळीत आलो होतो. प्रश्न नीतीचा होता. आणि तो मला विचारला एका झडपेने.

आमची गाडी २०१४ सालची. वयाच्या मानाने गुणी. पण गणपतीनंतर तिला एक खोड जडली. रस्त्यावर धावताना काही तक्रार नाही. चौकात लाल दिवा लागून थांबलो, की इंजिन आचके देऊ लागे आणि एखाद्या वेळी चक्क बंद पडे. मागचे लोक भोंगे वाजवू लागत, आणि जन्मभर वर्गात मुलांना गप्प बसवलेला मी त्या भोंग्यांपुढे अगदी हतबल होऊन जाई.

पहिल्याने गाडी दाखवली ती एका चकचकीत कार्यशाळेत. तिथल्या तरुणाने गाडीला स्कॅनर जोडला, पडद्यावर उमटलेला आकडा वाचला आणि पाचव्या मिनिटाला निकाल दिला, "थ्रॉटल बॉडी गेली. बदलावी लागेल." आकडा होता पी ०५०६. खर्चही त्याने तेवढ्याच तत्परतेने सांगितला. तो ऐकून मी विचार करतो असे म्हणालो आणि घरी आलो. अशा वेळी विचार करणे हे काटकसरीचेच दुसरे नाव असते.

शेजाऱ्यांनी शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचे नाव सुचवले. मी गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून चहा पीत होते. स्कॅनर त्यांच्याकडेही होता; पण त्यांनी आधी गाडी सुरू करायला सांगितली आणि डोळे मिटून तिचा आवाज ऐकला. मग बॅटरीच्या टोकांवर गंज चढला आहे का ते पाहिले. हवा आत नेणाऱ्या रबरी नळीवरून, जुना वैद्य नाडी बघतो तशी बोटे फिरवली. कारण नळीला चीर असली, तर चोरवाटेने हवा शिरते आणि अशीच काहीतरी तक्रार उद्भवते. चीर नव्हती. मग त्यांनी स्कॅनर लावला. आकडा तोच आला. मी म्हणालो, "म्हणजे भाग बदलायलाच हवा?"

"सर, ह्यो आकडा एवढंच सांगतोय, की उभ्या गाडीत इंजिन पाहिजे त्यापेक्षा हळू फिरतंय," मिस्त्री म्हणाले. "दुखतंय कुठं ते मशीन सांगतं. का दुखतंय ते आपण बघायचं."

त्यांनी नळी सोडवली, आत दिवा धरला आणि मला वाकून बघायला सांगितले. रुपयाच्या नाण्यासारखी, पण त्याच्या दुपटीहून मोठी अशी एक गोल चकती मध्यभागी आडव्या दांडीवर बसवलेली होती. तिच्या कडेभोवती काजळाचे काळे, चिकट कडे जमले होते. "ही तुमची थ्रॉटलची झडप," ते म्हणाले.

या झडपेचे काम थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावरच टांगलेला आहे. थ्रॉटल या इंग्रजी शब्दाचे नाते घशाशी आहे. पेट्रोलच्या इंजिनाचा हा घसाच. किती हवा आत जाऊ द्यायची ते ही चकती कमीजास्त तिरपी होऊन ठरवते, आणि जितकी हवा जाईल त्या बेताने पेट्रोल सोडले जाते. साधारणपणे एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा. झडप तशी जुनीच. जेम्स वॉटने १७८८ साली आपल्या वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा नियामक बसवला, तो अशाच एका झडपेला हलवीत असे. आमच्या वडिलांच्या फियाटमध्ये पायाखालच्या पट्टीपासून या झडपेपर्यंत एक तार गेलेली असे. पाय दाबला, की झडप उघडली. आता ती तार गेली. पाय किती दाबला हे गाडीतल्या संगणकाला कळते, आणि एक लहानशी विजेची मोटार त्याच्या हुकमाने झडप हलवते.

गाडी उभी असते तेव्हा झडप जवळजवळ मिटलेली असते. कडेने केसाएवढी फट राहते आणि तेवढ्या हवेवर इंजिन मिनिटाला सातआठशे फेरे घेत गुणगुणत राहते. काजळी धरते ती नेमकी याच फटीत. आणि ती येते कुठून? बाहेरची धूळ तर गाळणीतच अडते. इंजिनाच्या पोटात तेलाची वाफ होते. ती बाहेर सोडून हवा नासवू नये म्हणून पुन्हा आतच घेऊन जाळण्याची योजना केलेली असते. त्या वाफेचा चिकटा झडपेवर बसतो. म्हणजे ही घाण परकी नव्हे. इंजिनाचाच तो उच्छ्वास.

पण मला नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. काजळी एका दिवसात साचत नाही. फट थोडी बुजली आणि इंजिन मंदावू लागले, की संगणक झडप एक केस जास्त उघडतो. आणखी बुजली, की आणखी एक केस. ही सवलत तो आपल्या स्मरणात नोंदवून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करतो. बसलेल्या माणसाला यातले काहीही कळत नाही. वर्षानुवर्षे सगळे सुरळीत चालले आहे असे वाटते; आणि मग एके दिवशी सांभाळून घेण्याची सीमा संपते आणि गाडी भर चौकात बंद पडते. तो दिवस आपण बिघाडाचा म्हणून लक्षात ठेवतो. वास्तविक तो सांभाळून घेण्याचा शेवटचा दिवस असतो.

मिस्त्रींनी चार बोल्ट काढून तो भाग बाहेर काढला. साफ करण्याचे द्रावण फडक्यावर घेऊन ते हलक्या हाताने कड पुसू लागले. खरवडायचे नाही, कारण कडेवर कधीकधी पातळ लेप दिलेला असतो. चकती बोटाने जोरात ढकलायची नाही, कारण आतली दाते असलेली चाके प्लॅस्टिकची असतात. अर्ध्या तासात पितळी भांडे घासून ठेवावे तशी झडप लख्ख झाली. पुन्हा बसवली. मी किल्ली फिरवली, आणि माझा जीव खाली गेला.

इंजिन एकदम किंचाळले. काटा पंधराशेवर गेला, खाली आला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. स्कॅनरवर आता पी ०५०७ उमटला. म्हणजे पाहिजे त्यापेक्षा जलद. मघाशी आजारी असलेली गाडी आता पिसाटली होती. मी मिस्त्रींकडे ज्या नजरेने पाहिले असेल, ती त्यांच्या चांगल्याच परिचयाची असावी. ते शांतपणे म्हणाले,

"गाडी बिघडलेली न्हाई, सर. घाण गेलीया, हे तिला अजून कळलेलं न्हाई."

संगणक जुन्या हिशेबानेच झडप उघडीत होता. घाण अजून तिथेच आहे असे धरून तो जी जास्तीची फट ठेवीत होता, तिच्यातून आता भसाभस हवा शिरत होती. कालपर्यंत जी दुरुस्ती होती, तीच आज बिघाड होऊन बसली होती. मिस्त्रींनी स्कॅनरवरून जुनी नोंद पुसली, किल्ली नुसतीच चालू करून थोडा वेळ थांबायला सांगितले, मग बंद, मग पुन्हा चालू. प्रत्येक गाडीची रीत निराळी असते म्हणाले. संगणकाने झडप एकदा पुरती मिटून, एकदा उघडून नव्याने जोखली. इंजिन काही मिनिटे डगमगले आणि मग साडेसातशेवर स्थिरावले. "थोडं वरखाली होईल अजून," ते म्हणाले. "पन्नास-शंभर किलोमीटर चालवा. बसंल."

पैसे देऊन मी निघालो, पण ते वाक्य माझ्याबरोबर गाडीत बसून आले. घाण गेलीया, हे तिला अजून कळलेलं न्हाई.

वाचकहो, आता गाडी बाजूला ठेवून घरात यावे लागेल. मला एक धाकटा भाऊ आहे. आई त्याच्याकडे सांगलीला असते. २०११ साली वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्याने शेअरबाजाराच्या वायद्यांत घातले आणि घालवले. आईच्या पाटल्याही गहाण पडल्या. आम्ही नातेवाइकांपुढे हात पसरून शस्त्रक्रिया उरकली. वडील पुढे दोन वर्षे जगले; पण त्या दोन वर्षांत त्यांनी त्याला तो प्रश्न एकदाही विचारला नाही, आणि मी एकदाही विचारायचा थांबलो नाही. त्यांच्या पश्चात कागदपत्रे चाळताना कळले, की त्याची लहानसहान देणी वडील आधीची कितीतरी वर्षे गुपचूप भागवीत आले होते. दर वेळी एक केस जास्त उघडत. आम्हाला दिसला तो फक्त चौक.

हे झाले दोषाचे. आता दुसरी बाजू. भावाने त्यानंतर वायद्यांचे नाव काढले नाही. एका कारखान्यात हिशेबनिसाची नोकरी धरली, आणि आठ वर्षांत नातेवाइकांची पै न् पै फेडली. पाटल्या सोडवून आणल्या आणि आईच्या हातात स्वतः घातल्या. आईचे पथ्यपाणी, रात्री उठणे, दवाखाना, सगळे तो आणि त्याची बायको बघतात. आणि मी? मी आईच्या औषधांचे पैसे दर महिन्याला थेट औषधाच्या दुकानदाराच्या खात्यावर भरतो. भावाच्या हाती पैसे पडू नयेत म्हणून २०१२ साली ही व्यवस्था मी लावली. तेव्हा ती शहाणपणाची होती. पुढे बारा वर्षे ती चालत राहिली. तो दुकानात जातो, औषधे उचलतो, आणि बिल माझ्या नावावर लिहिले जाते. त्याने त्याबद्दल कधी अवाक्षर काढले नाही. मीही त्याला कधी काही बोललो नाही. आणि आपण काही बोलत नाही म्हणजे आपण क्षमा केली, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

प्रश्न असा आहे, की माणसातला दोष गेल्यावर त्या दोषासाठी आपण लावून घेतलेल्या सवयींचे काय करायचे? आपल्या साऱ्या नीतिकथा दोषी माणसाने सुधारावे कसे, एवढेच सांगून थांबतात. वाल्याचा वाल्मीकी झाला, की कथा संपली. पण त्या वाल्मीकीला त्याच्या घरच्यांनी पुढे कसे वागवले असेल? वाल्याचा वाल्मीकी झालेला आपल्याला कथेत फार आवडतो. घरात आपल्याला त्याच्यासाठी कपाटाला कुलूप लागते. संशय बोलून दाखवला, तर त्याला उत्तर तरी देता येते. पण व्यवस्थेत मुरलेल्या संशयाला उत्तर कसे द्यावे? तो मुकाट्याने दुकानात जातो आणि माझ्या नावावर औषधे घेतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. यंत्राला जखम होत नाही. संगणकाची नोंद पुसता येते. ज्याचे पैसे गेले, ज्याचा बाप इस्पितळात वाट बघत पडला होता, त्याची नोंद कळ दाबून कशी पुसावी? आणि दुखावलेल्या माणसाला विसरायला सांगण्याचा अधिकार तरी कोणाला? मला वाटते, कोणालाच नाही. क्षमा मागून घेता येत नाही, ती ज्याची त्याने द्यायची असते. पण मी जेव्हा स्वतःला खरे विचारले, तेव्हा ध्यानात आले, की ज्यांना ती जखम झाली होती त्यांनी ती केव्हाच मिटवली होती. वडिलांनी गप्प राहून, आणि आईने हात पुढे करून पाटल्या घालून घेऊन. पहारा करीत उभा राहिलो होतो तो मी. त्यात राखणे किती आणि मोठेपणा मिरवणे किती, हे सांगणे मला अवघड जाईल.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. सगळी नोंद पुसली आणि घाण पुन्हा धरली तर? धरू शकते, मिस्त्रींनीच सांगितले होते, की काही हजार किलोमीटरांनी झडप पुन्हा बघा. पण सावध राहणे निराळे आणि आधीच निकाल देऊन ठेवणे निराळे. त्या झडपेवर दोन निरनिराळे संवेदक सतत लक्ष ठेवून असतात. दोघांचे म्हणणे जुळेनासे झाले, तर संगणक गाडीचा जोर तत्काळ कमी करतो. पण ती आजची झडप पाहून केलेली कृती असते. डोळे उघडे ठेवण्याला माझी हरकत नाही. माझे डोळे मात्र २०११ सालीच उघडे राहून गेले होते.

आमच्या भागाला तर हे शिकवायला बाहेरचे कोणी यायला नको होते. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत झाली, आणि शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतींवाचून, शेतीच्या कामावर, विश्वासाने ठेवण्यात आले. व्ही. शांताराम यांनी १९५७ साली काढलेल्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाला प्रेरणा मिळाली ती याच प्रयोगापासून. तो चित्रपट मी वर्गातल्या मुलांना दोनदा दाखवला आहे आणि दोन्ही वेळा डोळे पुसले आहेत. त्याच महिन्यांत दुकानदाराचे बिलही नियमितपणे भरले आहे. परक्या कैद्यांवर विश्वास टाकायला पडद्यासमोर बसून रडले की पुरते. भावावर टाकायला आपली एक सोयीची व्यवस्था मोडावी लागते.

पहिल्या तारखेला मी पैसे भावाच्या खात्यावर पाठवले. दहा मिनिटांत त्याचा फोन आला.

"दादा, पैसे चुकून माझ्याकडं आलेत. दुकानदाराकडं वळते करू?"

मी त्याच्या कोणत्याही उत्तराची तयारी ठेवली होती, याची नव्हती. इतकी वर्षे मीच काय तो जुन्या हिशेबाने चालत होतो असे मला वाटत होते. तोही चालत होता. माझा अविश्वास त्याने घराच्या उंबरठ्यासारखा गृहीत धरला होता आणि रोज न अडखळता ओलांडला होता.

"चुकून नाही," मी म्हणालो. "या महिन्यापासून तूच देत जा."

बराच वेळ पलीकडून काही आले नाही. मग तो म्हणाला, "बरं. पावती पाठवतो."

'पाठव' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता, हे मला कबूल केले पाहिजे. काटा चढला, उतरला. "पावती कशाला?" मी म्हणालो. तरीही संध्याकाळी पावतीचा फोटो आला. मीही तो उघडून पाहिला, आकडासुद्धा वाचला.

इंजिन असे वरखाली होते, त्याला गॅरेजातले लोक 'हंटिंग' म्हणतात. वॉटच्या नियामकापासून यंत्रांना हा आजार आहे, आणि १८६८ साली मॅक्सवेलसारख्या थोर शास्त्रज्ञाने नियामक डगमगतो कधी आणि स्थिरावतो कधी, याचे गणित मांडले. सुधारणा उशिरा पोचली किंवा प्रमाणाबाहेर झाली, की यंत्र एका चुकीतून दुसऱ्या चुकीत जाते. डगमग थोड्या वेळात ओसरत गेली, तर मात्र काळजीचे कारण नसते. आमची ओसरली असे म्हणायला हरकत नाही. त्या दिवाळीला डबे घेऊन मी सांगलीला जाऊन आलो; जाऊनयेऊन शंभर किलोमीटर. गाडी एकाही चौकात बंद पडली नाही. जेवताना औषधांचा विषय निघाला नाही. निघताना भावाने गाडीत आईने केलेल्या चकल्यांचा डबा ठेवला आणि मला म्हणाला, "झाकण घट्ट आहे, सांभाळून उघड."

पुढच्या महिन्यातही पावती आली. तिसऱ्या महिन्यातही. त्यानंतरचे मला आठवत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत फोनमधले जुने फोटो काढून टाकायला बसलो, तेव्हा कुठे ध्यानात आले, की चार महिने पावती आलेली नाही, आणि ती आली नाही हे इतके दिवस माझ्या लक्षातही आले नव्हते.